आप्पांचा नवा शागीर्द

सुभेदारसाहेबांनी गिटार काउंटरवर आडवी ठेवली आणि आधीच सांगून टाकलं, की हिचा नेक बदलायचाय, पण तो ते स्वतः बदलणार आहेत. घरी बसून. मी फक्त कसं करायचं ते सांगायचं.

गिऱ्हाईक असं बोलायला लागलं की माझ्या कपाळावर आठी येते. मिरजेत मी गिटार दुरुस्त करते. लोकांनी हौसेनं घरी उघडलेल्या आणि मग पिशवीत भरून आणलेल्या गिटार बऱ्याच बघितल्यात. मी म्हटलं, साहेब, ठेवून जा, पुढच्या आठवड्यात घेऊन जा.

"न्हाई ताई," ते म्हणाले. "सगळी नोकरी फौजेच्या गाड्यांखाली उताणं पडून काढली. इंजिनं उतरवली, गिअरबॉक्स उतरवले. सगळं दुसऱ्याचं. ही एक वस्तू माझी हाय. हिचं काम मीच करणार."

ते उंब्रजकडचे. फौजेत वर्कशॉपला होते आणि संध्याकाळी युनिटच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. पोस्टिंग शिलाँगला असताना ही इलेक्ट्रिक गिटार घेतली. रिटायर होऊन गावी आले, शेतीच्या नादात गिटार पत्र्याच्या खोलीत लोखंडी ट्रंकेत पडून राहिली. आता ऊस तुटून गेला की बँडातले जुने मित्र त्यांच्या घरी यायचे होते. त्यांच्यासमोर ती वाजली पाहिजे होती.

मी गिटार उचलली आणि बंदुकीचा नेम धरावा तशी नेकवरून नजर टाकली. नेक म्हणजे गिटारचा लांब दांडा, ज्यावर डावा हात फिरतो. तारांच्या ताणानं तो वाकतो, म्हणून त्याच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती पिळून वाक काढता येतो. पण हा नेक वाकला नव्हता, पिळला होता. ओला टॉवेल पिळावा तसा, एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली. त्याला ट्रस रॉड काही करू शकत नाही. म्हणजे त्यांचं निदान बरोबर होतं. नेक बदलायलाच हवा होता.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम दिसायला सोपं असतं. बॉडीत एक खाच असते, तिला पॉकेट म्हणतात. नेकचं बूड त्या खाचेत बसतं आणि मागून चार स्क्रूंनी आवळलं जातं. जुना काढायचा, नवा बसवायचा. पण नव्या नेकला बहुतेक वेळा भोकं नसतात. ती आपण पाडायची. केसभर तिरकी पडली की तारा एका कडेला जातात आणि वाजवताना पट्टीवरून, म्हणजे नेकवरच्या फ्रेटवरून, घसरतात. जास्त खोल गेली की ड्रिल समोरून बाहेर येतं.

हे सगळं मी त्यांना सांगत होते तेवढ्यात दाराजवळच्या स्टुलावरून आप्पांनी विचारलं, "लाकूड कंचं हाय त्ये?"

आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर सतारी आणि तंबोरे केले. आता डोळ्यांमुळे काम सोडलंय, पण सकाळी माझ्या दुकानात येऊन बसतात. इलेक्ट्रिक गिटारविषयी त्यांचं मत चांगलं नाही. वीज गेली की गप्प बसणारं वाद्य, असं ते म्हणतात. माझ्या टेबलावर काय चाललंय हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

सुभेदारसाहेबांनी गिटार त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवली. आप्पांनी नेकवर बोटाच्या पेरानं टकटक केली, वास घेतला, उलटा करून रेषा बघितल्या. मग सरकून स्टुलावर जागा केली आणि म्हणाले, "बसा हितं."

त्या स्टुलावर मी कधी बसलेले नाही. मला कुणी बस म्हटलं नव्हतं.

मी नेकच्या बुडाचं माप काढून दिलं, स्केल लिहून दिलं. स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी. ती चुकली तर सूर कधीच जुळत नाहीत. सुभेदारसाहेबांनी त्या मापाचा मेपल लाकडाचा नेक मागवला आणि तो आल्यावर रविवारी परत आले. माझ्यासाठी नाही. आप्पांसाठी. येताना घरचा गूळ घेऊन आले.

त्या रविवारी आप्पांनी त्यांना लाकडाच्या तुकड्यावर भोकं पाडायला बसवलं. भोक स्क्रूपेक्षा बारीक हवं, पण किती बारीक, ते लाकडावर ठरतं. मऊ लाकडाला बारीक चालतं. मेपल कडक, त्याला जरा सैल लागतं. सुभेदारसाहेबांचा हात नटबोल्टचा. स्क्रू बसला तरी आणखी एक पीळ द्यायची सवय. आप्पा त्यांच्या मनगटावर हात ठेवून थांबवायचे.

"लोखंड असलं तर मळसूत्र जातं," आप्पा सांगत होते. "हे लाकूड फाटतं. हाताला जड लागलं की एकदा मागं फिरवायचं, मग पुढं."

किती हळू आवाजात सांगत होते. तेच तेच दोनदा, तीनदा. सुभेदारसाहेब चुकायचे, दोघं हसायचे, पुन्हा तुकडा घ्यायचे. मी एका गिटारच्या पट्ट्या घासत होते. माझ्या हातातली कानस थांबली होती, हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

मला आप्पांनी शिकवलं, असं सगळी मिरज म्हणते. खरं म्हणजे मी बघितलं. सतारी करणाऱ्यांच्या आमच्या गल्लीत मुली पॉलिश करायच्या, तारा चढवायच्या. रंधा कुणाच्या हातात नसायचा. मला रंधा धरायचा होता म्हणून आप्पांनी ते कामाला होते त्या कारखान्यात शेजारी बसवलं, पण तोंडानं काही सांगितलं नाही. चुकलं की हत्यार हातातून काढून घ्यायचे, लाकडावर दोन हात मारायचे, परत माझ्या पुढ्यात ठेवायचे. का चुकलं ते नाही. एकदा तंबोऱ्याच्या तबलीला, म्हणजे भोपळ्यावर बसते त्या लाकडी पातळ पाटीला, माझ्याकडून जास्त रंधा लागला. ती तबली त्यांनी माझ्यासमोर भिंतीला टेकवून ठेवली. कितीतरी दिवस मी ती बघत काम केलं. त्या दिवसांत आम्ही जेवणापुरतं बोललो.

आणि इथं हा माणूस तिसऱ्यांदा तिरकं भोक पाडतो, तर आप्पा म्हणतात, "जमंल. घाई न्हाई."

मला राग आला असं म्हणता येणार नाही. राग सोपा असतो. माझ्या वाट्याची वस्तू माझ्यादेखत दुसऱ्याला दिली जात होती आणि घेणाऱ्याला तिची किंमतही माहीत नव्हती. मी सँडिंग मशीन सुरू केलं. त्याची गरज नव्हती. दोघं दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले आणि तिथं बोलत राहिले.

पुढच्या रविवारीही तेच. त्यानंतरच्याही. सतारीची दांडी कशी वाळवतात, लाकूड उन्हात का ठेवायचं नाही, कुठल्या ऋतूत जोड मारायचा. गिटारच्या नेकशी याचा काही संबंध नव्हता. सुभेदारसाहेब मात्र ऐकत होते आणि मधूनच एखादा नेमका प्रश्न विचारत होते. प्रश्न चांगले असायचे, हे मला जास्त लागायचं. त्यातली अर्धी उत्तरं मी पहिल्यांदा ऐकत होते.

मग एका सकाळी फोन आला. दुकानाच्या नंबरवर नाही, आप्पांच्या मोबाईलवर. सुभेदारसाहेबांनी घरी खऱ्या नेकला भोकं पाडली होती आणि तिसरा स्क्रू आवळताना त्याचं डोकं तुटलं होतं. उरलेला स्क्रू मेपलच्या आत, लाकडाच्या पातळीत. चिमट्यानं धरायला टोकही नाही.

आप्पांनी फोन ठेवला आणि चपला शोधायला लागले. एसटीनं जायचं म्हणाले. त्यांना एकट्यानं पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून मी दुकानाला कुलूप लावलं. दुसरंही एक कारण होतं. मोडलेला स्क्रू बघून आप्पा काय म्हणतात, ते मला ऐकायचं होतं.

इस्लामपूरमार्गे कराडला उतरलो. तिथं सुभेदारसाहेब गाडी घेऊन उभे होते. चेहरा उतरलेला. मित्र पुढच्याच आठवड्यात यायचे होते. घराशेजारच्या शेडमध्ये त्यांचं वर्कशॉप होतं. पान्हे आकारानुसार लावलेले, फरशी धुतलेली. टेबलावर चादर अंथरून तिच्यावर तो नेक ठेवला होता, ऑपरेशनच्या पेशंटसारखा.

आप्पांनी वाकून बघितलं. बोट फिरवलं. म्हणाले, "हुतं असं."

एवढंच. मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. तिथं सुभेदारसाहेबांच्या पत्नी, कमलवहिनी, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आतल्या दोघांकडे मान वळवून बघितलं आणि मला म्हणाल्या, "आमचे हे त्या गिटारीशी बोलत्यात बघा कसं. आमच्याशी एवढ्या हळू आवाजात कवा बोलले न्हाईत."

मी म्हटलं, "आमच्याकडेही तसंच आहे."

त्या हसल्या. मी हसले नाही.

मोडलेला स्क्रू काढायची रीत अशी. स्क्रूपेक्षा जरा मोठ्या पोकळ नळीला करवतीसारखे दात पाडायचे, ती ड्रिलला लावायची आणि स्क्रूभोवतीचं लाकूड गोल कापायचं. मग स्क्रू आपल्या कोंदणासकट बाहेर येतो. राहिलेल्या भोकात त्याच जातीच्या लाकडाची गुल्ली गोंद लावून बसवायची आणि सुकल्यावर नव्यानं भोक पाडायचं. सुभेदारसाहेबांनी जुन्या डिझेल पाईपचा तुकडा घेतला आणि कानशीनं त्याला असे सुरेख दात पाडले की मीही जवळ जाऊन बघितलं. खोली चुकू नये म्हणून ड्रिलवर खूण केली. स्क्रू निघाला.

गुल्लीसाठी आप्पांनी जुना पिळलेला नेक मागितला. तोही मेपलच. त्याच्या बुडातून तुकडा कापायला लावला आणि रेषा आडव्या ठेवायला सांगितल्या, उभ्या रेषेत स्क्रू पकड घेत नाही म्हणून. हे मला ठाऊक होतं. पण मला ते तीन गिटार वाया घालवून कळलं होतं.

गोंद सुकेपर्यंत जेवणं झाली. कमलवहिनींनी कोंबडीचा रस्सा आणि भाकरी केली होती. आप्पा ओसरीवर आडवे झाले. उन्हं उतरल्यावर उठून त्यांनी पटाशीनं गुल्लीचा वर आलेला भाग स्वतः तासला, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सपाट झालं."

पुढचं सुभेदारसाहेबांनी व्यवस्थित केलं. नेक पॉकेटमध्ये ठेवला, दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरे ताणून नेक मधोमध आहे की नाही बघितलं, खूण करून भोक पाडलं, स्क्रूंना साबण फासला आणि थोडं थोडं करत चारी आवळले. साबणानं स्क्रू लाकडात सरकतो, मोडत नाही. तारा पिळायच्या किल्ल्या बसवल्या, तारा चढवल्या, सूर लावला. छोट्या ॲम्प्लिफायरला वायर जोडली.

खालच्या पट्ट्यांवर आवाज छान आला. बोटं बॉडीच्या दिशेनं वर सरकली आणि तारा झणझणायला लागल्या.

आप्पांचा चेहरा उजळला. "जवारी लागली," ते म्हणाले.

सतारीत तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा असा घासतात की तार त्याला सूक्ष्म टेकत राहते आणि सुराला एक झणकार येतो. ती जवारी. ती साधायला माणसाचं आयुष्य जातं. गिटारमध्ये मात्र तसा आवाज म्हणजे तार पुढच्या पट्टीला आपटतेय. तो दोष. आप्पांच्या कानाला दोष गोड लागत होता.

सुभेदारसाहेबांनी आप्पांकडे बघितलं. त्यांना खटकलं होतं, पण बोलवत नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले. इतक्या रविवारांत पहिल्यांदा.

"ताई, तुमी बघता का?"

मी नेकवरून नजर टाकली. नेक सरळ होता, पण मागच्या बाजूला झुकला होता. असं होण्याचं कारण बहुधा पॉकेटमध्ये सापडतं. तारा सैल करून नेक उतरवला. बुडावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे केली. पट्टी गुल्लीवर टेकत होती आणि दोन्ही बाजूंनी खालून उजेड दिसत होता. गुल्ली कागदाच्या जाडीइतकी वर होती. तेवढीच नेकला तिरका करायला पुरते.

आप्पांनी बोट फिरवून सपाट म्हटलेली जागा ती. या बोटाला मी लहानपणापासून ओळखते. पॉलिशखाली राहिलेला एक कण ते शोधून काढायचं. सगळा कारखाना त्याला भ्यायचा. ते बोट आज फसलं होतं.

आप्पा बाजूलाच उभे होते. काय निघतंय म्हणून वाट बघत होते. गेल्या कितीतरी रविवारी मी अशाच एखाद्या क्षणाची वाट बघितली होती. आता तो हातात होता.

मी म्हटलं, "गोंदाच्या ओलीनं गुल्ली फुगलीये. आप्पांनी तासली तेव्हा सपाट होती."

असं होतं. खोटं नाही ते. त्या दिवशी तसं झालं होतं की नाही, एवढाच प्रश्न होता.

मग मी पटाशी सुभेदारसाहेबांच्या हातात दिली. त्यांना सांगितलं, की धार आडवी धरा, रेषेच्या उलट जाऊ नका, एका वेळी धूळ निघेल इतकंच काढा. त्यांची पटाशी घसरली आणि बाजूला एक बारीक चरा पडला. ते दचकले. मी म्हटलं, आतला भाग आहे, कुणाला दिसत नाही, चला पुढं. पुन्हा पट्टी लावली, पुन्हा उजेड बघितला. दोनदा, तीनदा. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. माझ्या दुकानात, माझ्या नावावर जाणाऱ्या कामात कुणी असा चरा पाडला असता, तर मी पटाशी ओढून घेतली असती आणि तोंडानं एक शब्द काढला नसता.

नेक बसला. तारा परत चढल्या. सुभेदारसाहेबांनी संथ काहीतरी वाजवायला घेतलं आणि बोटं वरपर्यंत गेली. आवाज स्वच्छ होता. कमलवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. ते त्यांच्याकडे बघत वाजवत होते, हे मी बघितलं. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. त्यांना झणझण गेल्याचं थोडं वाईट वाटलं असावं.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. पेठ नाका मागं पडला. मग आप्पा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "फुगलं न्हवतं ते."

मी त्यांच्याकडे वळले.

"बोट फसलं माजं. तुला ठावं हुतं."

मी हो म्हटलं. आणि आता बोलायला काढलंच आहे म्हणून विचारलं, की त्या माणसाला इतकं समजावून सांगितलंत, मला एवढ्या वर्षांत एकदा तरी का नाही?

कंडक्टर येऊन गेला.

"त्याचं बिघडलं तर काय हुतं गं?" आप्पा म्हणाले. "हसंल, दुसरा नेक मागवंल. तुजं बिघडायची सगळी गल्ली वाट बघत हुती. मालक म्हणलाच हुता, एक वाद्य वाया गेलं की पोरीला उठवायची, तारा लावाय बसवायची. मला तुला उठवायची न्हवती. मग भ्या वाटायचं. भ्यात माणूस ग्वाड कुठनं बोलणार?"

"सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू बी भ्याली असतीस. मग हात थरथरला असता."

एवढं बोलून त्यांनी शाल गळ्याभोवती घेतली आणि डोळे मिटले. मला त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही. मी त्यांच्या मांडीवरून घसरणारी पिशवी माझ्याकडे घेतली.

मत्सर त्या प्रवासात संपला असं मी लिहिणार नाही. सुभेदारसाहेब अजूनही येतात, आप्पा अजूनही त्यांना लाकडाच्या गोष्टी सांगतात, आणि त्या गोष्टी ऐकताना माझ्या हातातली कानस अजूनही थांबते. फरक इतकाच, की मशीन बंद ठेवून मीही ऐकते.

गिटार उत्तम चालली आहे. मित्र आले, चौघांनी मिळून वाजवलं, सूर शेवटपर्यंत हलला नाही, असं सुभेदारसाहेबांनी येऊन सांगितलं. नेक स्वतः बसवला हेही त्यांनी चारचौघांत सांगितलं असणार, आणि ते बरोबरच आहे.

घरी नेक बदलायची हौस असलेल्यांना माझं सांगणं एवढंच. बुडाचं माप आधी घ्या. मेपलला भोक पुरेसं मोठं पाडा. गुल्ली तासल्यावर बोटावर विश्वास न ठेवता पट्टी लावून बघा. आणि शिकवणारा तुमच्याशी फार गोड बोलत असेल, तर समजून जा, की तुमच्या चुकीनं त्याचं काही जाणार नाहीये.